थेरपिस्टची कळकळ आणि तिची हद्द

मानसिक आरोग्यावर आता आपल्याकडे उघडपणे बोललं जातं, याचा मला मनापासून आनंद आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांत व्याख्यानं होतात, शिक्षकांसाठी शिबिरं होतात, बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत शाळा समुपदेशक बोलावतात. पण या सगळ्या बोलण्यात एक वाद हमखास निघतो आणि तो दर वेळी नको तिथे जाऊन अडकतो. एक बाजू म्हणते, समोरच्याचं दुःख मनापासून समजून घेतलं की निम्मा आजार तिथेच बरा होतो. थेरपिस्टकडे समानुभूती हवी, पदव्या नंतरच्या. दुसरी बाजू म्हणते, हा हळवेपणा झाला. डॉक्टरच डोळे पुसायला लागला तर रोग्याने कुणाकडे बघायचं? त्याला निदान करता यावं, औषध देता यावं, म्हणजे झालं. दोघांचं भांडण समानुभूती जास्त हवी की कमी हवी, एवढ्यावरच चालतं. ती कशासाठी वापरायची, कुठे आवरायची आणि ती चुकली तर पुढे काय करायचं, हे विचारायला कुणी तयार नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. मनोविश्लेषणाच्या पद्धतीने, म्हणजे माणसाला मोकळेपणी बोलू देऊन त्याच्या मनात दडलेलं उलगडत, चालणाऱ्या उपचारात समानुभूती हे दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते जाणण्याचं साधन आहे. तिच्याशिवाय काम सुरूच होत नाही. पण तिलाच उपचार समजलं की घात होतो, कारण ‘मला याचं कळलं’ हे समाधान थेरपिस्टला मिळालं की त्याचे कान बंद व्हायला लागतात. म्हणून तिच्यावर भिस्त ठेवणाऱ्या माणसाने तिच्यावर संशय घ्यायलाही शिकलं पाहिजे. आणि जिथे थेरपिस्ट आणि रुग्ण एकाच मातीतले, एकाच बोलीतले, बहुधा एकमेकांच्या पाव्हण्यारावळ्यांतलेही असतात, त्या आपल्या खानदेशात तर हे फारच गरजेचं आहे.

समानुभूतीच्या बाजूने बोलणाऱ्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने १९१२ साली विश्लेषकांसाठी, म्हणजे या पद्धतीने उपचार करणाऱ्यांसाठी, लिहिलेल्या सूचनांत सर्जनचा दाखला दिला होता. शस्त्रक्रिया करताना सर्जन जसा आपल्या भावना, अगदी माणूस म्हणून वाटणारी कणवही, बाजूला ठेवतो, तसं विश्लेषकाने करावं. या एका दाखल्याने पुढच्या पिढ्यांचं मोठं नुकसान केलं. कित्येक विश्लेषक दगडासारखे बसू लागले आणि त्या बसण्यालाच शास्त्र म्हणू लागले. फ्रॉइड स्वतः तसा बसत नव्हता. पुढच्याच वर्षी त्याने बजावलं की सुरुवातीपासून समजून घेण्याची भूमिका सोडून उपदेशकाची वगैरे घेतली, तर रुग्णाशी जुळू पाहणारं नातं हातचं जातं. ‘रॅट मॅन’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेला त्याचा रुग्ण एके दिवशी भुकेला आला, तेव्हा त्याला जेवू घातल्याची नोंद फ्रॉइडच्याच टिपणांत आहे. पहिल्या महायुद्धानंतर कफल्लक झालेल्या ‘वुल्फ मॅन’ या दुसऱ्या रुग्णासाठी तो वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करत राहिला. नियम लिहिणारा हात आणि पान वाढणारा हात एकाच माणसाचे होते, हे नियमवाल्यांनी विसरू नये.

याहून नेमकं बोलला तो बुडापेस्टचा विश्लेषक शांडोर फेरेन्झी. सप्टेंबर १९३२ मध्ये वीसबाडेनला भरलेल्या मनोविश्लेषकांच्या अधिवेशनात त्याने मांडलं की लहानपणी ज्याच्यावर अत्याचार झाला आणि घरातल्या मोठ्यांनी काही घडलंच नाही असं दाखवलं, त्याच्यासमोर विश्लेषकही कोरा चेहरा ठेवून बसला तर तो जुनाच घाव पुन्हा घालतो. फ्रॉइडला हे रुचलं नाही. फेरेन्झी पुढच्याच वर्षी वारला आणि तो निबंध इंग्रजीत यायला १९४९ साल उजाडलं. पण ‘गप बैस, कोणाला सांगू नको’ हे शब्द ज्या घरांतून आजही मुलींना ऐकावे लागतात, त्या घरांना फेरेन्झीचा मुद्दा समजावून सांगायची गरज नाही. थंडपणाही इजा करतो. संशोधनही याच बाजूने आहे. अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ८२ नमुने आणि सहा हजारांहून अधिक रुग्ण तपासले गेले. त्यात थेरपिस्टची समानुभूती आणि उपचाराचा निकाल यांचा सहसंबंध ०.२८ इतका निघाला (काहीच संबंध नसेल तर ०, पूर्ण जुळत असेल तर १). मानसोपचारांच्या क्षेत्रात हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. निकालाचा अंदाज रुग्णाला समानुभूती किती जाणवली यावरून अधिक चांगला लागतो, थेरपिस्टने स्वतःला दिलेल्या गुणांवरून तितका लागत नाही. आपण फार समजून घेतो असं ज्याला वाटतं, त्याच्या या वाटण्याला पुराव्याची किंमत कमी आहे.

आपल्या भागात दुःखाला सोबत करण्याची रीत जुनी आणि समर्थ आहे. मयत झाली की लोक दारावर बसायला जातात. ओट्याच्या पायरीपासूनच बायका हंबरडा फोडतात, घरातल्या बाईच्या गळ्यात पडतात, गेलेल्या माणसाचं एकेक आठवून रडतात, मग कुणीतरी बळेच चहा पाजतं. ज्या घरावर आकाश कोसळलंय त्याला एकटं पडू न देण्याची ताकद या रीतीत आहे आणि कोणत्याही दवाखान्याला ती देता येणार नाही. पण जिचा नवरा वीस वर्षं तिला मारत होता, त्या बाईचं काय? तिच्याही दारावर लोक येतात. तिलाही त्याच सुरात रडावं लागतं. आत कुठेतरी सुटल्याची भावना आहे आणि तिची लाज आहे. या दोन्ही गोष्टी ती कुठे ठेवणार? गळ्यात पडणाऱ्या प्रत्येक बाईची माया खरी आहे आणि तरीही ती माया तिच्या तोंडावर हात ठेवते आहे. सगळ्यांना जे दुःख आधीच माहीत आहे, त्यासाठी माणसाला थेरपिस्ट लागत नाही. आपल्या माणसांच्या कानांना जे सहन होणार नाही, ते घेऊन माणूस तिथे जातो.

एक प्रसंग कल्पून बघू. कुणा एकाचा तो नाही, पण रावेर-यावलकडचं कुणीही ओळखेल असा आहे. चोवीस वर्षांचा मुलगा, स्पर्धा परीक्षेत दोनदा अपयश, झोप नाही, जेवण सुटलेलं. वडिलांची केळीची बाग. मे महिन्याच्या शेवटी वादळ आलं आणि घड धरलेली बाग एका संध्याकाळी आडवी झाली. मुलगा थेरपिस्टला सांगतो, “सर, दुसऱ्या दिवशी वडील बांधावर नुसते बसून होते. तलाठी पंचनाम्याला आला तरी उठले नाहीत.” थेरपिस्टही शेतकऱ्याचाच मुलगा. पडलेल्या खोडांमधून चालताना पायाखाली होणारा चिखल, कच्च्या घडांचा ढीग, पिलबाग, म्हणजे जुन्या खोडांच्या पिलांवरची पुढची बाग, तरी वाचेल का याचा हिशेब, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. त्याचा गळा दाटून येतो. तो म्हणतो, “मी समजू शकतो. बापाला असं बघणं फार कठीण असतं.” मुलगा मान हलवतो. पुढच्या वेळी वीस मिनिटं उशिरा येतो. त्याच्या पुढच्या वेळी, एसटी चुकली म्हणून येतच नाही.

काय झालं असेल? त्या संध्याकाळी वारा सुटला तेव्हा पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या त्या मुलाच्या मनात आनंदासारखं काहीतरी चमकून गेलं असेल. ‘परीक्षा पास झाला नाहीस तर बाग आहेच’ असं सांगत ज्या बागेने त्याला लहानपणापासून बांधून ठेवलं, ती बाग पडली. ज्या बापाने कधी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही, पण प्रत्येक घडाकडे रोज पाहिलं, त्या बापाचं काहीतरी मोडलं. ही भावना तो स्वतःशीही धड बोललेला नाही. हळूहळू, चाचपत तो तिच्याकडे येत होता आणि नेमक्या त्या क्षणी थेरपिस्ट बापासाठी हळहळला. खोटं हळहळला असता तर एवढं बिघडलं नसतं. त्याची समानुभूती खरी होती, उत्कट होती, पण ती गेली बांधावर बसलेल्या माणसाकडे. समोर खुर्चीत बसलेल्या मुलाला एवढंच कळलं की केळीसाठी रडणाऱ्या माणसापुढे, केळी पडल्याचा आनंद सांगता येणार नाही.

आता ‘आपल्यातलाच थेरपिस्ट हवा’ ही मागणी या प्रसंगाशेजारी ठेवून बघा. मागणी चूक नाही. अहिराणीत किंवा लेवा बोलीत रडणाऱ्या बाईला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारले तर ती दोन वाक्यांत गप्प होते, हे मी मान्य करते. पण ज्याला आपलं सगळं आधीच ठाऊक आहे, तो आपल्याला विचारणं सोडतो. सासुरवास म्हणजे काय, भाऊबंदकी म्हणजे काय, कापसाला भाव नसला की घरात काय होतं, हे त्याला ठाऊक असतं. या ठाऊक असण्यातून तो समोरच्याच्या वाक्याचा शेवट स्वतःच करून टाकतो. बाहेरून आलेल्या थेरपिस्टला निदान ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ असं विचारावं तरी लागतं. आपल्या माणसाने हा प्रश्न मुद्दाम शिकून घ्यायला हवा. तो आपोआप येत नाही, उलट विचारायला संकोच वाटतो.

समानुभूतीला मनोविश्लेषणाच्या मध्यावर आणून बसवणाऱ्या हाइन्झ कोहुटच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. वियेनात जन्मलेल्या आणि शिकागोत स्थिरावलेल्या कोहुटने १९५९ साली मांडलं की दुसऱ्याच्या अंतरंगाची माहिती मिळवायला समानुभूतीखेरीज दुसरी वाट नाही. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून केलेलं आत्मनिरीक्षण, असं तिचं स्वरूप त्याने सांगितलं. १९७९ साली त्याने ‘मिस्टर झेड’ नावाच्या रुग्णाच्या दोन विश्लेषणांची हकिगत छापली. पहिल्या खेपेला कोहुटने जुन्या पद्धतीने त्याच्या मागण्यांना बालिश हट्ट समजून अर्थ लावले. काही वर्षांनी तोच रुग्ण परत आला, तेव्हा त्याच मागण्यांमागची खरी गरज त्याने ओळखली आणि रुग्ण खऱ्या अर्थाने मोकळा झाला. ही हकिगत समानुभूतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणून अनेक वर्षं वाचली गेली. मात्र मिस्टर झेड म्हणजे खुद्द कोहुटच, असं त्याचा चरित्रकार चार्ल्स स्ट्रोझियर याच्यासह अनेकांचं मत आहे. ते बरोबर असेल तर त्याचा अर्थ काय होतो? दुसऱ्याला पूर्णपणे समजून घेतल्याचं जे उदाहरण सगळ्यांपुढे ठेवलं गेलं, त्यात दुसरा कुणी नव्हताच. कोहुटच्या सिद्धांताला याने धक्का लागत नाही, असं माझं मत आहे. पण आपण दुसऱ्याच्या मनात उतरलो असं वाटत असताना आपल्याच घरात फिरत असण्याचा धोका किती मोठा आहे, हे याहून ठळकपणे दिसणार नाही.

कोहुट मोठा होता, कारण त्याने आपल्या कल्पनेला देव्हाऱ्यात बसवलं नाही. १९८१ च्या ऑक्टोबरात, मृत्यूच्या काही दिवस आधी दिलेल्या बर्कलीतल्या भाषणात त्याने आठवण करून दिली की समानुभूती वाईटासाठीही वापरता येते. नाझींनी आपल्या बॉम्बफेकी विमानांना कर्कश भोंगे बसवले, कारण खाली उभ्या माणसाची छाती त्या आवाजाने कशी दडपेल हे त्यांना अचूक कळत होतं. आपल्याकडे इतक्या लांबचं उदाहरण नको. खेडा खरेदीला फिरणारा एखादा व्यापारी शेतकऱ्याच्या मनाची नाडी घरच्यांपेक्षा बरोबर ओळखतो. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलंय, कुणाचा हप्ता थकलाय, कुणाला दिवाळीआधी रोकड हवीच आहे, हे जाणून तो नेमक्या त्या आठवड्यात दारात येतो आणि भाव पाडून कापूस मोजून नेतो. दुसऱ्याचं मन कळण्यात चांगुलपणा गृहीत धरता येत नाही. त्याच भाषणात कोहुटने हेही कबूल केलं की समानुभूतीने ऐकलं जाण्याचा स्वतःचा असा काही गुण माणसाला येतोच. दोन्ही विधानं त्याने शेजारी शेजारी ठेवली. आपल्या व्याख्यानांत मात्र त्यातलं दुसरं विधानच तेवढं ऐकू येतं.

प्रेमाने माणूस बदलतो, या श्रद्धेला आपल्याकडे फार मोठा आधार आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजींनी मुलांवर आईसारखी माया केली. मुलांचे कपडे धुतले, त्यांच्या खोल्या झाडल्या. त्या मायेने मुलं घडली. मग थेरपिस्टने तसंच का असू नये? या प्रश्नाचं उत्तर मला इंग्लंडमधला बालरोगतज्ज्ञ आणि विश्लेषक डोनाल्ड विनिकॉट याच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सापडतं. युद्धाच्या काळात वसतिगृहातून सतत पळून जाणारा नऊ वर्षांचा एक मुलगा विनिकॉट आणि त्याच्या बायकोने तीन महिने स्वतःच्या घरात ठेवला. तो मुलगा त्यांचा जीव नकोसा करी. तो अनावर झाला की विनिकॉट त्याला उचलून दाराबाहेर ठेवी, मग पाऊस असो की अंधार, आणि दर वेळी सांगे की जे घडलं त्यामुळे मला तुझा द्वेष वाटतो आहे. बाहेर एक खास घंटा होती. ती वाजवली की दार उघडे आणि झालेल्या गोष्टीबद्दल एक अक्षरही कुणी काढत नसे. विनिकॉटचं म्हणणं असं की ज्या मुलाला लहानपणापासून प्रेमाचा भरवसा मिळाला नाही, त्याचा नुसत्या प्रेमावर विश्वासच बसत नाही. आपला राग समोरच्यापर्यंत पोचतो, तो रागावतो आणि तरीही दार उघडतो, हे त्याला आधी अनुभवावं लागतं. गुरुजींच्या मायेला हे उत्तर नव्हे. गुरुजी शिक्षक होते आणि मुलं माया घेऊ शकणारी होती. थेरपिस्टकडे येणाऱ्यांत मात्र माया झेलताच न येणारी माणसं बरीच असतात. त्यांच्यावर न थकता प्रेम करत राहिलं तर त्यांना आपला द्वेष कुठेच ठेवता येत नाही.

आणि थेरपिस्टने सर्वस्व ओतायचं ठरवलं तर काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. ज्या फेरेन्झीचा मुद्दा मी वर मान्य केला, त्याने एलिझाबेथ सेव्हर्न या रुग्णाबरोबर ‘परस्पर विश्लेषण’ करून पाहिलं. एकदा तो तिचं विश्लेषण करणार, एकदा ती त्याचं. त्याची १९३२ ची क्लिनिकल डायरी वाचली की त्याचा प्रामाणिकपणा पाहून आदर वाटतो आणि त्याच पानांवर दोघंही दमत चाललेली दिसतात. दुसऱ्या रुग्णांची गुपितं तिच्यापुढे कशी बोलायची? प्रत्येक रुग्णाने हेच मागितलं तर? या प्रश्नांना त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. आज तर समानुभूतीची वाक्यं मोबाइलमधलं यंत्रही रात्री दोन वाजता लिहून देतं, न थकता, न रागावता. एकटेपणात त्याचा आधार वाटतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच्यावर चिडून उशिरा यायची सोय नाही, आणि केळीच्या त्या मुलाचं खरं काम तर उशिरा येण्यापासूनच सुरू होणार होतं.

ते काम असं. पुढच्या भेटीत थेरपिस्टने एसटीची सबब जशीच्या तशी न घेता म्हणावं, “त्या दिवशी मी तुमच्या वडिलांबद्दल बोललो. तुमचं बोलणं त्यामुळे अर्धवट राहिलं का?” मुलगा आधी नाही म्हणेल. मग कदाचित म्हणेल, “तुम्हीपण त्यांच्यासारखंच बोलले.” हे वाक्य आलं की उपचाराची खरी वाट लागली समजा, सापडली या अर्थाने म्हणते. कारण बापावरचा राग आता खोलीत, थेरपिस्टच्या अंगावर आला आहे आणि तो झेलणारा माणूस समोर आहे. थेरपिस्टची समज कधी ना कधी कमी पडणारच, हे कोहुटनेही धरून चाललं होतं. ती कमी पडल्यावर दोघांनी मिळून त्या जागी परत जाणं, हेच त्याच्या मते बरं होण्यातलं मोठं काम. चुकीबद्दल घाईघाईने माफी मागून विषय मिटवला, तर ही संधीही जाते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. २०१५–१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. जिथे धडगाव-अक्कलकुव्याच्या माणसाला मनाचा डॉक्टर गाठायला अख्खा दिवस मोडावा लागतो, तिथे समानुभूतीच्या मर्यादांची चर्चा कुणासाठी? आणि हे सगळं वियेना-लंडनचं नाही का? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर सोपं आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात १९२२ साली इंडियन सायकोॲनॅलिटिकल सोसायटी स्थापन केली, ब्रिटिश सोसायटीनंतर अवघ्या तीन वर्षांनी. मनाचा हा अभ्यास आपल्या देशात शंभर वर्षं चालू आहे. पहिल्या प्रश्नातलं बरंच मला मान्य आहे. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर जीव द्यायच्या विचारात असलेला माणूस फोन करतो, तेव्हा त्याला धीर हवा असतो, त्याच्या मनातल्या द्वेषाचा शोध तिथे कुणी घेऊ नये. तीव्र मनोविकारात औषधाला पर्याय नाही. विश्लेषणाची पद्धत सगळ्यांसाठी नाही आणि सगळ्या वेळी तर नाहीच. पण माणसं कमी आहेत म्हणून चुका चालतील, हा तर्क उलटा आहे. पुण्यात एक थेरपिस्ट पटला नाही तर दुसरा सापडतो. तालुक्याच्या गावाला जो एक समुपदेशक आहे त्याच्यापुढे तोंड मिटलं, तर ते बहुधा कायमचंच मिटतं. शिवाय तो समुपदेशक रोज सगळ्यांचं दुःख अंगावर घेत राहिला तर किती वर्षं टिकेल?

म्हणून मागणी करायचीच असेल तर ‘समुपदेशक संवेदनशील हवेत’ एवढ्यावर थांबू नये. जिल्हा रुग्णालयातले, शाळांतले, कॉलेजांतले समुपदेशक आठवड्यातून एकदा, नावं न घेता आपापल्या केसेस एखाद्या अनुभवी माणसापुढे मांडतील, अशी तास-दीड तासाची बैठक तिन्ही जिल्ह्यांत नियमाने व्हावी. मुंबई-पुण्याचा ज्येष्ठ माणूस पडद्यावरून बसला तरी चालेल. मात्र गटात अहिराणी, भिली, पावरी समजणारं कुणीतरी असावं. हा वेळ कामाच्या तासांत धरावा, सुट्टीच्या दिवशी स्वखर्चाने करायची सेवा म्हणून नव्हे. आणि तिथे दर आठवड्याला प्रत्येकाला हे विचारलं जावं की या आठवड्यात कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, आणि त्याआधीच्या भेटीत तुम्ही त्याला काय म्हणाला होतात.